कथा गाऊन सांगायची तर

ऑपेरा रचायला कुठे शिकायचं, असं मुरबाडच्या एखाद्या मुलाने एसटी स्टँडवर विचारलं तर त्याला पहिलं उत्तर मिळेल ते पत्त्याचं. कल्याणला जा, तिथून लोकलने दादर, दादरला गाडी बदल आणि चर्नी रोडला उतर. रॉयल ऑपेरा हाऊस तिथे आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, १९९३ला ते बंद पडलं, २०१६ला डागडुजी होऊन पुन्हा उघडलं. पण त्या इमारतीत मराठी माणसाने जे ऐकलं ते युरोपचं गाणं नव्हे. तिथे बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले, पुढे सिनेमे लागले. ऑपेराच्या नावाच्या घरात संगीत नाटक नांदलं आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला त्या मुलाला दुसरा पत्ता द्यायचा आहे. तो जास्त जवळचा आहे.

आधी मागणी काय आहे ते बघू. ऑपेरात गोष्ट गाण्यातून पुढे सरकते. गाणं गोष्टीला थांबवून आपली मैफल मांडत नाही. भांडण, निरोप, कट, खून हे सगळं गाता गाताच होतं. त्यासाठी रचनाकाराला दोन प्रकारचं गाणं लागतं. एक, बोलण्याच्या जवळचं, कथा पुढे नेणारं. दुसरं, मन मोकळं करणारं, जिथे काळ थांबला तरी चालतो. इटलीत माँतेव्हेर्दी नावाच्या संगीतकाराने १६०७ साली मांतुआच्या दरबारात 'ऑर्फिओ' केला, तेव्हा या दोहोंची वाटणी त्याने नीट बसवली आणि युरोपची पुढची तीनशे वर्षं त्याच वाटणीशी झटापट करण्यात गेली. ही वाटणी ज्याला जमली त्याला निम्मी विद्या आली.

आता आपल्याकडे या. १८४२च्या सुमाराला कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. संस्थानिकांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्यात गाण्याची सगळी जबाबदारी सूत्रधारावर होती. पात्रं यायची, नाचायची, आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. कथा मात्र सूत्रधार गायचा. सुरुवातीला गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती. शहापूर-जव्हार-मोखाड्याकडे ज्यांनी बोहाडा पाहिला आहे त्यांना हे चित्र नवं नाही. चैत्र-वैशाखात रात्रभर चालणाऱ्या त्या खेळात मुखवटे बांधलेली सोंगं येतात, पुढे गणपती आणि सरस्वती, शेवटी देवी आणि महिषासुर. वाद्यं म्हणजे संबळ आणि पिपाणी. सोंग बदललं की संबळाची चाल बदलते. गणपती जसा येतो तसा राक्षस येत नाही. डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्यालाही कोण आलं ते कळतं. पात्राला त्याची स्वतःची लय द्यायची, हे रचनाकाराचं पहिलं काम. जर्मनीत वाग्नरने प्रत्येक पात्राला, तलवारीला, शापाला सुद्धा स्वतःची सुरावट दिली आणि त्यावर ग्रंथ लिहिले गेले. बोहाड्यावर त्या मानाने फारसं लिहिलं गेलेलं नाही, एवढाच फरक मानतो मी. अर्थात वाग्नरच्या सुरावटी कथेबरोबर बदलत जातात, एकीतून दुसरी निघते; संबळाची चाल वर्षानुवर्षं तीच राहते. पण शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न असेल तर ती इथून होते.

भाव्यांच्या सूत्रधाराकडून गाणं पात्रांच्या तोंडी गेलं ते अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे. पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' हा जवळजवळ सगळा गाण्यात असलेला उर्दू खेळ त्यांनी पाहिला आणि मराठीत असं का होऊ नये, असं त्यांच्या मनाने घेतलं, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले. पूर्ण नाटकात दोनशेच्या वर पदं होती. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. दोनशे पदं असलेल्या नाटकात सगळी पदं रंगवून गायली तर प्रेक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जातील. ती तशी गायची नव्हतीच. त्यांतली बरीच साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी होती. साकीची ओळ अठ्ठावीस मात्रांची, सोळावर थांबा, मग बारा. दिंडीची ओळ एकोणीस, नऊ आणि दहा. चाल ठरलेली, आलाप नाही, तान नाही, झरझर म्हणून पुढे जायचं. कीर्तनात बुवा कथा सांगताना हेच करतात. माँतेव्हेर्दीला जे बोलतं गाणं घडवावं लागलं ते अण्णासाहेबांना कीर्तनकारांनी आयतं दिलं होतं. अण्णासाहेबांची खरी करामत अशी की कुठे दिंडी पुरे आणि कुठे पूर्ण पद हवं, हे त्यांना कळत होतं. चाली त्यांनी जिथून मिळतील तिथून घेतल्या, कानडी मुलखातून, कीर्तनातून, बायकांच्या गाण्यांतून. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा असल्यामुळे कानडी कान त्यांना घरचाच होता. नवी चाल बांधण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. आजच्या शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं: पहिली कलाकृती उसन्या चालींवर कर. शब्द चालीत बसवता बसवता नाट्य कुठे अडतं ते कळतं.

हे कळणं पुढे हरवलं. कसं हरवलं ते गोविंदराव टेंब्यांच्या आयुष्यातून चांगलं दिसतं. १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मलेला हा माणूस. शिक्षण वकिलीचं, हात पेटीवर. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसून त्यांनी ख्याल ऐकला. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचं 'मानापमान' किर्लोस्कर मंडळींनी मुंबईत लावलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा, गझलेचा रंग त्यांनी मराठी रंगभूमीवर आणला आणि लोक वेडे झाले. पाच वर्षांनी 'स्वयंवर' आलं. त्यात भास्करबुवांनी रागदारीतल्या बंदिशींवर पदं बसवली. गाणं कमालीचं उंच गेलं. बालगंधर्वांसारखा गळा मिळाल्यावर प्रेक्षक 'वन्स मोअर' का म्हणणार नाहीत? पण ज्या क्षणी रुक्मिणीचं पद तिसऱ्यांदा सुरू झालं, त्या क्षणी कृष्णाला विंगेत उभं राहण्यापलीकडे काम उरलं नाही. साकी-दिंड्या गळाल्या, कथा गद्याने पुढे न्यायची आणि गाणं आलं की कथेने बाजूला व्हायचं, असा रिवाज पडला. नाट्यसंगीतावर मी जीव टाकतो. तरीही माझं मत असं की ऑपेराच्या दिशेने चाललेली वाट मराठी रंगभूमीने सर्वांत सुंदर गाण्यांच्या काळातच सोडली.

टेंब्यांना स्वतःला हे जाणवलं असावं, कारण उतारवयात त्यांनी काय केलं ते पाहा. नाटक मंडळी काढून झाली होती, 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त १९३२ साली हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही करून झालं होतं, आठवणींची पुस्तकं लिहून झाली होती. अशा वेळी ते 'महाश्वेता', 'जयदेव' यांसारख्या संगीतिकांकडे वळले. कथा सबंध गाण्यातून. ज्याच्या चालींनी मराठी पद कथेपेक्षा मोठं केलं, त्यानेच पद पुन्हा कथेच्या हाताखाली आणायची खटपट केली. १९५५च्या ऑक्टोबरात ते गेले.

त्याच साली १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमा, सुधीर फडके, छप्पन्न गीतं, वर्षभर दर आठवड्याला. घराघरांत हार घातलेले रेडिओ ही त्याची कथा अनेकदा सांगून झाली आहे. शिकणाऱ्याने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं. प्रत्येक गीत एका पात्राचं आहे, कौसल्येचं, भरताचं, शूर्पणखेचं. प्रसंग बदलतो तसा राग आणि ताल बदलतो. फडक्यांना पात्राची जात चालीत ओळखू येई, यात शंका नाही. मात्र पात्रं एकमेकांशी गात नाहीत. एक गातं, संपतं, आठवड्याने दुसरं गातं. राम आणि भरत एकाच गाण्यात एकमेकांना अडवत असते, तर आपल्याला ऑपेरा मिळाला असता. मुंबई आकाशवाणीवर मंगेश पाडगावकरांची 'बिल्हण' ही संगीतिका झाली, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, गळा जितेंद्र अभिषेकींचा. तिच्यातलं एक गाणं आजही लोकांच्या ओठांवर आहे. ते कुठल्या कथेत, कुठल्या क्षणी येतं ते मात्र फार थोड्यांना सांगता येईल. एक गाणं तरलं आणि संगीतिका बुडाली, ही आपल्याकडची नेहमीची रीत.

थोडं मागे, दक्षिणेकडे जाऊ. मराठीत अथपासून इतिपर्यंत गायचं नाटक पहिल्यांदा करणारे लोक पुण्या-मुंबईचे नव्हतेच. तंजावरचे भोसले राजे होते ते. सतराव्या शतकाच्या अखेरीस शहाजीराजांनी तेलुगू यक्षगानं रचली तशी मराठी नाटकंही रचली. आणि १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी तर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचा मराठी खेळ लिहिला, ज्यात भविष्य सांगणारी भटकी बाई इंद्राच्या राणीला पृथ्वीचा भूगोल गाऊन समजावते. खंडं, देश, नद्या. भूगोलाचा तास गाण्यात! याच राजाने पदरी युरोपीय वाद्यांचा बँड बाळगला होता आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतली कागदपत्रं सरस्वती महालात जमवली होती. कर्नाटकी कृती, मराठी भाषा आणि इंग्रजी बँड एका वाड्यात नांदत होते. या वाड्यातून महाराष्ट्राकडे वाट निघाली असती तर किर्लोस्करांचं काम किती सोपं झालं असतं! ती निघाली नाही.

शिकण्यातला सगळ्यात अवघड भाग आता येतो. तो सुराचा आहे. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातो, बाई काळी चार-पाचमध्ये. एकाच षड्जावर दोघांना गायला लावलं की कुणाचा तरी गळा आवळला जातो. बायकांच्या भूमिका पुरुषच करत होते तोवर हा प्रश्न दबून राहिला. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगभूमीवर उभ्या राहिल्यावर तो उघड झाला. त्यावर तोडगा आहे. एकाचा षड्ज हा दुसऱ्याचा मध्यम धरायचा, म्हणजे राग बदलल्यासारखा वाटतो आणि दोघेही आपापल्या जागी सुखाने गातात. जुगलबंदी करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. नाटकवाल्यांनी याचा फारसा वापर केला नाही.

आणि दोन माणसांनी एकाच वेळी वेगवेगळं गायचं, हे तर आपण जवळजवळ सोडूनच दिलं. तमाशात सवाल-जवाब आहेत, पण ते पाळीपाळीने. मोत्सार्टच्या १७८६च्या 'फिगारोच्या लग्ना'त दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा-बायको भांडू लागतात, मग एकेक माणूस खोलीत शिरत जातो आणि शेवटी सात जण एकाच वेळी गात असतात, प्रत्येकाचा हेतू निराळा, तरी गोंगाट होत नाही. गद्य नाटकात सात जण एकदम बोलले तर काहीच ऐकू येणार नाही. हे सामर्थ्य फक्त गाण्याचं आहे. ते पश्चिमेकडून शिकावंच लागेल. त्यासाठी स्वरमेळ समजून घ्यायला हवा, लिहून ठेवायला हवं, आणि केवळ कानावर भागणार नाही. आपल्याकडे जवळपास पोचलेलं उदाहरण म्हणजे १६ डिसेंबर १९७२ला आलेलं 'घाशीराम कोतवाल'. भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, भजन सगळं वापरलं, आणि रंगमंचावर उभी असलेली ब्राह्मणांची ओळ कधी भिंत झाली, कधी पुणं झाली, कधी खुनाची साक्षीदार झाली. समूह हे एक पात्र आहे आणि त्याला आवाज आहे, हे मराठी प्रेक्षकाने तिथे अनुभवलं. सहा वर्षांनी पु. लं.नी ब्रेख्त-वाइलच्या ऑपेरावरून 'तीन पैशांचा तमाशा' केला, त्यात नंदू भेंड्यांच्या रॉक वळणाच्या गाण्यासमोर तमाशाची ढोलकी उभी राहिली. वाइलची चाल जशीच्या तशी मराठी शब्दांना चिकटवण्याचा मोह टाळला, हे फार चांगलं झालं.

नाट्य चालीतूनच कसं उभं करायचं याचा सगळ्यात चोख धडा मात्र मला अभिषेकीबुवांच्या 'कट्यार काळजात घुसली'त दिसतो. डिसेंबर १९६७. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या त्या नाटकात दोन घराण्यांचं वैर आहे. बुवांनी पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या गाण्याला दोन निराळी वळणं दिली. एक पद तर दोन्ही बाजूंनी दोन चालींत येतं. कोण जिंकलं, कोण कुणाचं चोरतोय, कोण आतून हरलाय, हे गद्याशिवाय कळतं. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब गात असताना कथा थांबत नाही, उलट तेव्हाच ती पुढे जाते. पन्नास वर्षांपूर्वी हरवलेली वस्तू बुवांनी रागदारीच्याच घरात शोधून काढली.

मुरबाड-शहापुरात शिकायला काय आहे? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसता येतं. राग, ताल, बंदिशी येतात, नाट्य येत नाही. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी कलिन्याला, पुण्याचं ललित कला केंद्र पुण्याला. गावात सप्ताह आहे, भजनी मंडळ आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलबाजार, घोंगड्या आणि तमाशाचे तंबू. तिथे गण, गौळण, वग हा क्रम बघा. गण-गौळणीत गाणं भरपूर आणि कथा नाही. वगात कथा भरपूर आणि गाणं कमी. दोन्ही एकाच फडात, एकाच रात्री. त्यांची सांगड घालणारा माणूस हवा.

त्याहून मोठी शाळा लग्नघरात आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण येते आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधी गाऊन पार पाडते. वारल्यांकडे धवलेरी हेच करते. ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. तेराव्या शतकात महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने धवळे रचले, म्हणजे मराठीतल्या आद्य कवयित्रीची कविताही लग्नात गायची होती. सबंध प्रसंग गाण्यावर चालवणं आपल्या भाषेत नवं नाही. ज्याला ऑपेरा रचायचा आहे त्याने अशा बाईजवळ एक लग्नसराई बसावं, चाली लिहून घ्याव्यात आणि तिला मानधन द्यावं. शेवटची गोष्ट लोक विसरतात.

विषयही इथेच आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे वकील, धान्यकोठी चालवणारे, शाळा काढणारे. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील पडले. यावर पोवाडे होणं साहजिक आहे. पोवाडा सांगतो काय घडलं. ऑपेराला दुसरं हवं. मनोरा कापणारी करवत ही लय होऊ शकते, आणि त्या लयीवर दस्त्यातल्या पोरांचं दबक्या आवाजातलं गाणं. गावातल्या बायका जात्यावर ओवी गातात, पोलीस त्यांना विचारतात, त्या ओवीतूनच उत्तर देतात आणि काही सांगत नाहीत. फितुराची चाल दस्त्याच्या चालीसारखीच हवी, फक्त शेवटी एक स्वर चुकलेला. कोतवालांना पूर्ण पद एकदाच द्यावं, आदल्या रात्री. बाकी सगळीकडे दिंडीच्या वेगाने बोलतं गाणं. आणि पहाटे, गोळीबाराच्या वेळी, वाद्यांनी पूर्ण थांबावं. पोवाड्याचं डफ-तुणतुणं तिथे वाजलं तर सगळं वाया.

एक व्यावहारिक सूचना. गायलेलं वाक्य बोललेल्या वाक्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ खातं. म्हणून दोन तासांच्या नाटकाची संहिता घेऊन बसू नका. वीस मिनिटांची कथा घ्या, तीन गळे, एक समूह, पेटी, संबळ, ढोलकी. पेटीवाल्याला आधी गोष्ट सांगा, चाल नंतर. तालमीत एखादं पद सगळ्यांना फार आवडलं आणि त्याने कथा थांबली, तर ते पद काढून टाका. वाईट वाटेल. काढा तरी.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाट्य स्पर्धा दर वर्षी असते. तिच्यात जुनीच नाटकं पुन्हा पुन्हा येतात, कारण नवी संगीत नाटकं फारशी कुणी लिहीत नाही. आणि आकाशवाणीकडे एक विनंती आहे: टेंब्यांपासून पुलंपर्यंतच्या ज्या संगीतिकांची ध्वनिमुद्रणं कपाटात असतील ती सबंधच्या सबंध ऐकायला मोकळी करा, एकेक गाणं तोडून नव्हे. मुरबाडच्या त्या मुलाला चर्नी रोडला जाण्याआधी ती ऐकायला मिळाली पाहिजेत. आणि वाचकहो, तुमच्या गावात पेटी वाजवणारं कुणी असेल, गोष्ट लिहिणारं कुणी असेल, तर या दिवाळीत त्या दोघांना एका ओट्यावर बसवा.